लाटसाहेबाकडे मागायचा मास्तर

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईचं सरकार पुण्याला जायला निघतं. लाटसाहेब, त्यांचे कौन्सिलर, खानसामे, कुत्री असा सगळा बारदाना आगगाडीत बसतो आणि घाट चढण्याआधी कर्जतला थांबतो. घाटासाठी जादा इंजिन जोडावं लागतं म्हणून थांबतो, हे स्टेशनावरच्या हमालालाही ठाऊक आहे. पण आमच्या दहिवलीकडे विचाराल, तर लाटसाहेब पाटील मंडळींना भेटायला थांबतात. माझा बाप तिथल्याच एका वाडीचा पाटील. मी इंजिनाचं नाव काढलं की तो म्हणे, "इंजिन लावायचं निमित्त हाय रं. सरकार उगंच थांबल्यावानी दिसू नये म्हनून."

मी तेव्हा पुण्याच्या सरकारी कॉलेजात होतो. आमच्या पंचक्रोशीतल्या कुणबी घरांतून तिथवर गेलेला मी पहिलाच. या पहिलेपणाचं कौतुक बाकीच्यांना. कॉलेजात मला गावंढळ म्हणत, आणि सुटीत घरी आलो की माझेच चुलतभाऊ मला वेगळा पाट मांडून वाढत आणि स्वतः तिकडे शेकोटीपाशी हसत-खिदळत जेवत. चार शब्द बोलावेत असं माणूस मला दोन्हीकडे नव्हतं.

नाही, एक होते. आमचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. इंग्रज, तिरसट, मिशीला सदा तपकीर लागलेली. वर्गात आम्ही मूठभर पोरं. एकदा त्यांनी आम्हाला आमच्याच गावाजवळची कोंडाण्याची लेणी दाखवायला आणलं. साहेब गुप्तधन काढायला आलाय अशी बोलवा झाली आणि अर्धा गाव मागे लागला. साहेबांनी लेण्यांकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या कड्यातला एक तांबडा पट्टा बोटाने दाखवला. म्हणाले, हा काळा खडक कधीकाळी गुळाच्या पाकासारखा वाहत होता. वाहिला, थिजला, त्यावर माती झाली, कदाचित गवतही उगवलं असेल, आणि मग त्यावरून पुन्हा आग वाहिली. तो तांबडा पट्टा म्हणजे मधल्या काळातली भाजलेली माती.

या डोंगराखाली मी जन्मलो, इथे गुरं राखली, पण डोंगर काही मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मला एकटं वाटेनासं झालं. हसू नका. एखाद्याला खडकाची सोबत होते.

आता सरकारची गोष्ट. विद्यापीठाची जी सिनेट असते, तिच्यात जागा मिळणं हा तेव्हा मान होता, पागोट्यासारखा. सरकार तो कोणालाही बांधी. सरदार, जहागीरदार, निवृत्त अंमलदार, ज्यांनी पुस्तक हाती धरलं असेल तर कुत्रं हाकलायला. त्या वर्षी नव्या लाटसाहेबांच्या मनात आलं की कॉलेजांवर फार खर्च होतो आणि त्यातून नुसते बोलघेवडे तयार होतात. सभा भरली, माना हलल्या. भूगर्भातला गर्भ हा शब्द बाळंतपणापलीकडे ज्यांनी कधी ऐकला नव्हता, त्यांनीही माना हलवल्या. आमचे प्राध्यापक उठून विरुद्ध बोलले. महिन्याभरात त्यांना सिंधमध्ये शाळा तपासायला धाडलं आणि त्यांची जागा काटकसरीसाठी रिकामी ठेवली. आम्हाला सांगण्यात आलं की तर्कशास्त्र घ्या, इतिहास घ्या, नाहीतर घरी जा.

मी घरी आलो आणि अंगणात बसून बाला सगळं सांगितलं. बोलताना मला रडू फुटलं. बाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर लाटसायबानंच हलवला ना? मंग त्योच परत धाडंल. गाडी येनारच हाय. आमी सांगू की."

या वेळी मला इंजिनाची आठवण करून द्यावीशी वाटली नाही. बुडत्याला काडीचा आधार. मी बाला एक वाक्य शिकवलं, आणि तो ते नांगरामागे चालताना घोकत राहिला, "माझ्या पोराचा मास्तर परत द्या, सरकार." बैलांनाही पाठ झालं असेल.

गाडीच्या दिवशी फलाटावर फक्त पाटील आणि इनामदार सोडले. कॉलेजातली पोरं मामलेदारांच्या डोळ्यांत खुपत, म्हणून मी कुंपणाबाहेर, सोडलेल्या बैलगाड्यांपाशी. तिथून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. लाटसाहेब खरंच पाय मोकळे करायला खाली उतरले. बा आंब्यांची डाली घेऊन पुढे झाला. मराठी जाणणाऱ्या एका साहेबाने त्याला काही विचारलं. बाचे ओठ हलले. ते माझ्या वाक्यापेक्षा जास्त वेळ हलले. लाटसाहेब हसले, मान डोलावली, दुसऱ्याने टिपून घेतलं. मागून इंजिन लागलं आणि गाडी गेली.

बा बाहेर आला तो डोळे पुसतच. "दिलं रं! लगेच दिलं!" मी भर रस्त्यात त्याला मिठी मारली. आयुष्यात तितका आनंद मला पुन्हा झाला नाही.

"मास्तर परत येतील म्हणाले?"

"मास्तर नाय." बाने पागोटं सारखं केलं. "मामलेदार रावसायबांनी आमाला आधीच बजावलं व्हतं, गाऱ्हानं करायचं नाय, मागनं मागायचं. मास्तर हलवला म्हनलं तं सरकारची चूक काडल्यावानी व्हतं. तवा मी म्हनलं, पोरगं शिकलंय, चाकरीला घ्या."

आमच्या पाटलांत ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. साहेबापुढे गाऱ्हाणं ही बेअदबी, मागणं हा साहेबाचा मान. रीतीला धरून बा अगदी बरोबर वागला होता. मी त्याच्यावर ओरडू शकलो असतो. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी बैल जुंपायला घेतले.

भात कापायच्या आत हुकूम आला. खालापूरच्या कचेरीत कारकून. सरकारला इतक्या चपळाईने काही करताना मी नंतर नोकरीतही पाहिलं नाही. एक प्राध्यापक परत आणायचा तर सभा, खर्च, आणि वर आपलं चुकलं असं कबूल करणं आलं. कारकून नेमायला यातलं काही लागत नाही. मागणारा खूश, देणारा खूश. वाडीत घरोघर साखर वाटली. आमच्या वर्गाला टाळं लागलं ते मात्र कोणाच्या गावीही नव्हतं. पुढे असे किती वर्ग गेले, आणि आता तर नव्या कायद्याने विद्यापीठाची मानगूटच सरकारने हातात घेतली आहे. पोरं शिकत नाहीत म्हणून सरकार नाक मुरडतं, आणि पोरांचे बाप मात्र फलाटावर चाकऱ्या मागत उभे असतात. कोणाला बोल लावायचा?

खालापुरात मी एकटाच राहिलो असं म्हणता येणार नाही. बायको होती, मुलं झाली. पण संध्याकाळी कचेरीतून निघालो की समोर घाटाची भिंत दिसे, थरावर थर, आणि ती वाचता येणारा मैलोगणती मी एकटा. एकदा कचेरीतल्या नाझरांना सांगू गेलो. ते म्हणाले, "यातून सोनं निघतं का?" बायको ऐकायची, पण बिचारीला जांभया यायच्या. मग मी सांगणं सोडलं.

आई गेल्यावर बाला मी खालापूरला आणलं. त्याचे डोळे अधू झाले होते. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना तो अचानक म्हणाला, "तुजा त्यो मास्तर शिकवायचा काय रं?"

इतक्या वर्षांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी त्याचा हात धरून ओट्याच्या काळ्या दगडावर ठेवला आणि सुटलोच. पाक, थर, तांबडी माती, सगळं. बा मान तिरकी करून ऐकत होता. जांभई नाही, काही नाही.

"मंग ती आग आली कुठनं?"

"ते पुढच्या सत्रात शिकवणार होते, बा."

तो दगड चाचपत राहिला. "म्हंजी मी मास्तरच मागायला पायजे व्हता."

"असं नको म्हणू. तू मागितलंस म्हणून घर उभं राहिलं," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं.

"घर राह्यलं रं," बा म्हणाला. "पर तुला कळलं आसतं, तं तू आता मला सांगितलं आसतं."