पुरुमेंताची पेटी

माझ्या आत्याच्या ओव्या लग्नाशिवाय उगवत नसत. घरात लग्न ठरले, हळद दळायला जाते मांडले, की लाटंबार्सेच्या त्या शेणाने सारवलेल्या ओटीवर तिचा आवाज उठे. किंचित तुरट, आणि हळदीसारखाच बोटांवर, कपड्यांवर, दिवसभराच्या कामावर राहून जाणारा. एरवी कितीही विनवा, ती गात नसे. एकदा मी पेडण्याहून बसेस बदलत तिच्याकडे गेले आणि रेकॉर्डर तिच्यापुढे ठेवला, तर तिने त्यावर पदर टाकला. म्हणाली, ‘‘घरात व्हकल ना, आनी ओवी म्हणून पाटार कोणाक बसवू? तुका?’’ व्हकल म्हणजे नवरी; ती घरात नसताना ओवी नाही. आणि मी पाटावर बसून उठल्याला एक पिढी लोटली होती.

म्हणून मी लग्नांची वाट पाहत असे. सुर्ल्याला तिच्या नातवाचे लग्न निघाले तेव्हा रेकॉर्डर कापडी पिशवीत घालून गेले. त्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक चालू होते. ती तांबडी धूळ डोळ्यांना दिसण्याआधी दातांखाली लागते. पिशवीच्या विणीतून ती आत शिरली आणि नेमकी आत्याने पहिली ओवी उचलली तेव्हा रेकॉर्डरचे बटण वाळूत रुतल्यासारखे कुरकुरून अडकले. ती गात राहिली, मी नखाने बटण उचकत राहिले. घरी आले ते नुसते कानांत काही घेऊन. आणि कानांतले किती दिवस टिकते?

पुढच्या मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न ठरले. आत्याचा श्वास आता दोन ओळींच्या मध्येच थांबू लागला होता. हे शेवटचे, असे कुणी म्हटले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते. मी नवा रेकॉर्डर घेतला आणि ठरवले की या वेळी तो कठीण कवचाच्या पेटीतूनच जाईल.

पेटी निवडणे हे काव्य निवडण्याहून कष्टाचे असते, हे मला पणजीच्या दुकानात कळले. दुकानदाराने पहिली पेटी दाखवली तिला चाके होती. तीत माझ्यासह रेकॉर्डर मावला असता. दुसरीवर लिहिलेले माप बाहेरचे होते. आत रेकॉर्डर मावला, मायक्रोफोनची वायर उपाशी राहिली. तिसरी देखणी, पण झाकणाच्या कडेला रबर नव्हते. धूळ जाईल का, विचारले, तर तो म्हणाला, ‘‘बाई, इतकी काळजी असेल तर नेऊच नका ना बाहेर.’’ घरी आमच्या यजमानांचा सल्ला याहून सोपा होता: स्टीलचा डबा आणि जुना टॉवेल.

शेवटी चौथी पेटी घेतली. काळी, जड, दोन खटक्यांची, झाकणाला रबराची अखंड कड. आत चौकोनी चिरा पाडलेला फोम होता. त्यातले ठोकळे उपटून वस्तूच्या आकाराचा खळगा करायचा. मी एका दुपारी ओटीवर बसून तो खळगा केला. रेकॉर्डर आत ठेवला तेव्हा तो अंड्यासारखा बसला. झाकण मिटताना पेटीने एक लहानसा निःश्वास टाकला, आणि मला फार दिवसांनी समाधान वाटले.

सासूबाई बाजूलाच उन्हात वाळणारी कोकमाची सोलां परतत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, मुंगी जाते का आत? मी अभिमानाने सांगितले, मुंगी सोडाच, वारासुद्धा जात नाही. दमट हवा? तीही नाही.

हे मी एका अशा बाईला सांगितले, जी मे महिनाभर पुरुमेंत भरते. पावसाळ्याच्या बेगमीला आमच्याकडे हा शब्द आहे; सुक्या मिरच्या, सोलां, खारे बांगडे, आणि गालमो, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, जिला ओलावा लागला की सारे घर नाक मुरडते.

लग्नाला निघायच्या सकाळी मी पेटी उघडली. आतून समुद्र बाहेर आला, पण उन्हात चार दिवस पडलेला. फोम गायब, आणि काठोकाठ गालमो, गुलाबी, कुरकुरीत, शेकडो काळे डोळे माझ्याकडे लावून. मी रेकॉर्डर कुठे म्हणून विचारले, तेव्हा सासूबाई जराही गडबडल्या नाहीत.

‘‘तुजां यंत्र तांदळात आसा. आंबो नाय बिगडत तांदळात, तां काय बिगडतला? इतकी बरी पेटी रिकामी कित्याक ठेवची?’’

रिकामी नव्हती, हे सांगण्यात अर्थ नव्हता. उकड्या तांदळाच्या पिंपात मी कोपरापर्यंत हात घातला. रेकॉर्डर हाती आला तो कोंड्याने माखलेला, मायक्रोफोनच्या जाळीत तांदूळ अडकलेले. बस गाठायची होती. मिळेल त्या ब्रशने झाडला, टॉवेलात गुंडाळला आणि स्टीलच्या डब्यात घातला. डब्याचे झाकण यजमानांनी स्वतःच्या हाताने दाबून लावले.

लाटंबार्सेला जाते फिरू लागले. मी रेकॉर्डर जमिनीवर ठेवला, बटण दाबले, लाल दिवा लागला. आत्या गायली. दोन ओळींमध्ये थांबत, श्वास घेत, पण एकही ओवी न गाळता गायली.

रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी उजेडात मी ते ऐकले. सगळे होते. जात्याची घरघर, बांगड्या, तिचा तुरट आवाज. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक कोरडी टकटक. जाळीच्या आत राहिलेली तांदळाची एक कणी जमिनीच्या हादऱ्याने नाचत होती. पणजीत एका जाणकाराने ध्वनिफितीतून ती टकटक काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, ती काढली तर जात्याची घरघरही जाईल.

त्यानंतर आमच्या घरांत लग्न निघालेले नाही, आणि आत्याला आता बोलतानाही धाप लागते. श्रावण सरल्यावर सासूबाईंनी पेटी धुऊन, उन्हात वाळवून, मोठ्या मनाने परत केली. मी खटके उघडले की अजून आधी मांजर येते.

मागच्या आठवड्यात ती ध्वनिफीत आत्याला ऐकवायला नेली. डोळे मिटून ती ऐकत होती. मधेच तिने बोट वर केले.

‘‘ही टकटक कोण करता गो?’’

मी सारे सांगितले; पेटी, गालमो, तांदळाचे पिंप. माझा आवाज चढला असावा. ती मात्र इतकी हसली की मला तिला पाणी द्यावे लागले.

‘‘तुज्या सासूमांयन अक्षता धाडल्यो म्हण,’’ ती म्हणाली. ‘‘परत लाय.’’

मी परत लावले. ती मानेने ताल धरत होती, टकटकीवर. माझे दात मात्र अजूनही तिथे आवळले जातात.