बिबट्याच्या ग्रुपवरची श्रद्धांजली

घोड नदीकाठच्या आमच्या वस्तीवरून बिबट्याने कालवड नेली, तेव्हा सगळ्यांनी मिळून व्हॉट्सॲपचा एक ग्रुप काढला आणि ॲडमिन म्हणून मला बसवलं. या बिनपगारी नोकरीने माझं डोकं पार उठवलं. नियम एकच होता, बिबट्या दिसला तरच लिहायचं. पण सकाळ झाली की फुलं यायची आणि दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. एकाला ग्रुपमधून काढलं, तर भावकीतूनच काढल्यासारखं तोंड करून त्याचे चुलते घरी आले आणि चहा न घेता गेले. झक मारत त्याला परत घेतलं.

त्या दिवशी दिवस मावळताना शिरूरहून घरी पोचलो आणि मोबाइल उघडला. वस्तीवरची एक म्हातारी गेली होती. बातमी बिबट्याच्या ग्रुपवर, आणि खाली घरटी एक 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्याकडे ती ज्याने त्याने वेगळी लिहायची असते. न लिहिणारा बरोबर लक्षात राहतो. मी चिडून एकेक मेसेज काढत होतो, तर मधेच ओढ्यापलीकडच्या मामांचा मेसेज दिसला. ओढ्याकाठच्या उसात बिबट्या हाय, तिकडं कुणी जाऊ नका. त्याच्याही खाली कुणीतरी श्रद्धांजली वाहिली होती.

बायको त्याच उसाशेजारी घास कापायला गेली होती. फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजला. काठी घेऊन पळत सुटलो. तोंडाने साऱ्या ग्रुपला शिव्या चालल्या होत्या.

बांधावर ती समोरून आली. डोक्यावर घासाचा भारा, मागे बॅटरी घेतलेले मामा. मेसेजकडे कुणी बघेना म्हणून ते स्वतःच ओरडत रानात फिरले होते. मला रडू आलं, ते मी रागात दडवलं. हा ग्रुप आजच बंद करतो, म्हणालो.

म्हातारीचं तिला मामांनी वाटेतच सांगितलं होतं. ती म्हणाली, "आन् तुम्ही लिवलं का न्हाई? सगळी वस्ती लिवणार, आन् आपलंच न्हाई म्हंजी कसं दिसंल?"

"म्या बी लिवलंय," मामा म्हणाले. "बिबट्याच्या आदी."

घरी येऊन मी ओट्यावर बसलो आणि बिबट्याच्या ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली. खाली 'सहकुटुंब' घातलं आणि आत तिची भांडी वाजत होती, ती ऐकत बसलो.