आमच्या घरी ते तेहेतीसवर वाजायचं

त्या गाण्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाईल काढाल, ते लावाल आणि म्हणाल, अरे, हे होय! पण ते हे नव्हे. निदान आमच्या घरचं तरी नव्हे. साठीच्या दशकात इंग्लंडमधल्या काही पोरांनी गिटारी घेऊन गायलेलं आणि अजून जगभर वाजणारं असं एक गाणं आहे, एवढं तुम्हाला पुरे. त्या गाण्याची गोडी इतकी वर्षं का टिकली, या विषयावर मी धुळ्यात तीनदा भाषण दिलं आहे. मी तिथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला इंग्रजांचं सगळंच ठाऊक असतं, असा आपल्याकडे समज आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघाने मला लंडनच्या हवामानावरही बोलायला लावलं होतं. मीही तासभर बोललो.

हे गाणं आमच्या घरात आलं ते भुसावळहून. माझे वडील, म्हणजे नाना, तेव्हा दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन गार्ड कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि घरातलं सामान व्हरांड्यात मांडून विकत होता. शेजाऱ्यांनी टेबल-खुर्च्या घेतल्या, नानांनी रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्याच्यावर एक लहान तबकडी होती, ती गार्डाने तशीच राहू दिली. पुढे नानांनी भजनांच्या मोठ्या तबकड्या आणल्या, पण लहान तबकडी घरात ती एकच. रविवारी सकाळी आधी एक भजन आणि मग ते इंग्रजी गाणं, असा आमच्या क्वार्टरचा नेम होता. देवाला आणि गार्डाला आम्ही सारखंच मानत असू.

नाना कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. तिथली एक पद्धत त्यांनी घरी आणली होती. जे सेटिंग एकदा नीट लागलं आणि ज्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. आमच्या पंख्याच्या रेग्युलेटरवर ठिपका होता, रेडिओवर होता, भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीवरही होता. रेकॉर्ड प्लेअरला वेगाचं एक बटण होतं, त्यावर तीन आकडे: तेहेतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. नानांनी ते तेहेतीसवर ठेवून ठिपका दिला, आणि विषय संपला.

त्यामुळे ते गाणं आम्ही ऐकलं ते संथ, जड, खर्जातलं. गाणारी माणसं पन्नाशीतली असावीत, पोटं सुटलेली, मिशा राखलेली, जेवून निवांत बसलेली, अशी माझी खात्री होती. एकही शब्द कळत नसे, पण माणसं भारदस्त वाटत. माय त्या तालावर स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत ये-जा करायची. लहानपणच्या तापात तिचा डावा पाय बारीक राहिला होता. ती उजवं पाऊल टाकायची आणि डावं ओढून घ्यायची. त्या पायाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. मुद्दाम टाळत होतो असं नाही, दाराच्या चौकटीबद्दल तरी कोण बोलतं?

पुढे मी जळगावला कॉलेजात शिकायला गेलो. होस्टेलमधल्या एका मित्राने कॅसेट लावली आणि ते गाणं सुरू झालं. म्हणजे त्याचे सूर ओळखीचे, पण माणसं भलतीच. मिसरूडही न फुटलेली पोरं मागे कुत्रं लागल्यासारखी गात होती. मी म्हटलं, "तुझा टेपरेकॉर्डर बिघडलाय, फास्ट पळतोय." तो म्हणाला, "बिघडला नाही." मी म्हटलं, "मी हे गाणं पाळण्यात असल्यापासून ऐकतोय, मला शिकवू नकोस." आवाज वाढला, चार खोल्यांतली पोरं जमली. त्यातलं एक नाशिकचं होतं, त्याने शांतपणे विचारलं, "घरी पंचेचाळीसची लहान तबकडी तेहेतीसवर लावता की काय?" मग जे हसू झालं ते वर्षभर पुरलं. मला होस्टेलात 'तेहेतीस' म्हणू लागले. लायब्ररीत कुणी हळू चालला तरी पोरं माझ्याकडे बघत.

दिवाळीत घरी गेलो तो थेट तबकडीकडे. तिच्यावर स्वच्छ छापलेलं होतं, पंचेचाळीस. मी ती नानांच्या पुढ्यात धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, परत माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लिहेल ऱ्हाऊ दे. आपला घरमा तेहेतीस."

नाना तसेच होते. त्यांच्या तोंडून मी कधी "तुनं बराबर शे", म्हणजे तुझं बरोबर आहे, असं ऐकलं नाही. दहावीला पहिला वर्ग मिळाला तेव्हा ते म्हणाले, गणितात कमी आहेत. नोकरी लागली तेव्हा म्हणाले, धुळ्याला पाणी नाही. मी पन्नाशी ओलांडली, माझ्या हाताखाली शिकून पोरं प्राध्यापक झाली, तरी मला बापाकडून एक 'बराबर' हवं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण हवं होतं. आणि जगात एकच गोष्ट अशी होती जिच्यात नाना चुकत होते आणि मी बरोबर होतो, तीही कंपनीने छापून दिलेली. ती मी कशी सोडणार?

आता भडगावचं सांगतो. ते आमचं मूळ गाव. श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी तिथे जमते. रविवारी नारळाला नथ, दागिने घालून देवी बसवायची, प्रसादाचे रोट खायचे, आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत गिरणेवर पोचवायची. आमच्या भाऊबंदकीत थोरल्या सुनेने नदीवर ओवाळल्याशिवाय कानबाई पाण्यात उतरत नाही, आणि थोरली सून म्हणजे माझी माय. मी तीन-चार वर्षांचा असताना नानांनी तो रेकॉर्ड प्लेअर चादरीत बांधून एसटीने भडगावला नेला आणि बँडवाल्या मास्तरांना ते गाणं ऐकवलं. मास्तरांनी तीनदा ऐकून ते क्लॅरिओनेटवर बसवलं. तेव्हापासून आमची कानबाई इंग्रजी गाण्यावर नदीला जाते, अर्थात तेहेतीसच्या वेगाने. बायकांनी त्या चालीवर देवीच्या नथीचं गाणं रचलं. शेजारच्या गल्लीने ती चाल उचलली, मग पलीकडच्या गावाने. आज तिकडे विचारलंत तर सांगतील, हाई आपलंच शे, आपला आजापणजानं.

धुळ्यातल्या तिसऱ्या भाषणात मी हा किस्सा सांगितला. गाण्याची गोडी का टिकली, तर तारुण्य, बंडखोरी, वेग, असं सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "आणि आमच्या भडगावात मात्र हे बंड बैलगाडीत बसून निघतं." सभागृह हसून लोटपोट झालं. सुपारी चघळणारे एक आजोबा तर डोळे पुसत होते. घरचं हसं करून टाळ्या मिळवणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि आवडलंही.

त्याच जोरावर मी यंदा श्रावणात बेत केला. जुने मास्तर गेले. आता त्यांचा मुलगा बँड चालवतो. तिशीचा आहे, ट्रॉलीवर कीबोर्ड आणि मोठे स्पीकर असतात. त्याला मी मोबाईलवर मूळ गाणं पाठवलं आणि म्हटलं, यंदा या वेगाने वाजव. तो खूशच झाला. "सर, माले बी तो जुना स्पीड पटत नही. पब्लिकले नाचाले पाहिजे."

रविवारी, रोट झाल्यावर, मी सगळ्यांसमोर मोबाईलवर ते लावलं. पाया रचून ठेवावा म्हणून. माय तांदूळ निवडत होती, ती म्हणाली, "या पोऱ्यासले कसानी घाई शे? गाडी चुकनार शे का यासनी?" सगळे हसले, मीही हसलो. माय भोळी आहे, असं मनात म्हटलं.

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. चुलतभावाच्या सुनेने देवीचा पाट डोक्यावर घेतला आणि मास्तरांच्या मुलाने कीबोर्डवर पंचेचाळीसच्या वेगाने पहिले सूर सोडले. क्षणभर गल्ली गोंधळली. मग पोरांना ताल सापडला आणि काय सांगू, धमाल उडाली! पोरी फुगड्या घालू लागल्या, पोक्त माणसांनी टोप्या खिशात कोंबल्या, एका काकांनी तर छत्रीचीच गिटार केली. मिरवणूक पळायलाच लागली. एरवी बाजारपेठेपर्यंत जायला तास लागायचा, यंदा वीस मिनिटांत आम्ही नदीच्या उतारावर. मी पुढे उलटा चालत व्हिडिओ घेत होतो. पुढच्या भाषणात दाखवायला.

नाना काठी टेकत कडेने येत होते. दम लागला होता, पण आले होते. मी मोबाईल खिशात टाकला आणि त्यांच्याजवळ गेलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला.

"नाना, खरं गाणं हे असं आहे. आता तरी सांगा, माझं बरोबर आहे की नाही?"

ते थांबले. माझ्याकडे नीट पाहिलं.

"बराबर शे," ते म्हणाले. "भुसावळले गार्डनी असंच वाजाडं व्हतं. आते तुनी माय कोठे शे ते देख."

मी मागे वळून पाहिलं. गर्दीत माय नव्हती. गर्दीच्या मागे नव्हती. गर्दी संपून रिकामा रस्ता सुरू होत होता, त्या रस्त्यावरही बरंच लांब, एका पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी ती उभी होती. एका हातात आरतीचं ताट, दुसरा हात दुकानाच्या खांबावर. ती पंक्चरवाल्याशी हसून बोलत होती. जणू त्याची विचारपूस करायलाच थांबली होती.

पन्नास वर्षांत माय कधी मागे राहिली नव्हती, म्हणून तिचा पाय आम्हाला कधी दिसला नव्हता. उजवं पाऊल टाकायचं, डावं ओढून घ्यायचं, आणि ठोका बरोबर तिथे यायचा. घरात, आणि नदीच्या वाटेवरही. अख्ख्या गावाचा वेग एका माणसाने एका बाईच्या पायावर लावून ठेवला होता, वर ठिपका दिला होता, आणि आपल्याला काही कळत नाही असं मुलाला खुशाल समजू दिलं होतं. मी वेगावर तीन भाषणं दिली होती. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, होस्टेलातसुद्धा नाही.

मी पळत ट्रॉलीपाशी गेलो आणि गाणं बंद करायला लावलं. नाचणारे हातवारे तसेच ठेवून थांबले.

"जुना वेग लाव," मी म्हटलं.

"सर, पण आते बराबर व्हतं ना?"

"नव्हतं. मी चुकलो होतो."

त्याने वेगाचं बटण फिरवलं आणि माझ्याकडे बघत बघत वेग हळूहळू कमी केला. गाणं जड झालं, खाली बसलं, आणि त्यातून ती पन्नाशीतली, जेवून निवांत बसलेली माणसं परत आली. मिरवणूक उतारावर जागच्या जागी डोलत राहिली. मायने खांब सोडला. ताट सावरलं. एक पाऊल टाकलं, एक ओढून घेतलं. तिला आमच्यापर्यंत यायला पूर्ण गाणं लागलं, दुसऱ्यांदा सुरू झाल्यावर ती पोचली. बायकांनी तिला आत घेतलं.

"हां, आते आपलं लागनं," ती म्हणाली. मला म्हणाली, "पाणी पी, कितला घाम येल शे तुले."

मी तिच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, ट्रॉलीवर चढलो आणि कीबोर्डच्या त्या बटणावर ठिपका दिला.

"याला हात लावायचा नाही," मी बँडवाल्याला सांगितलं.