कुलूपवाल्याने दिलेला शब्द

माझे धाकटे दीर कुलूपवाले. किल्ली हरवलेली माणसं त्यांच्या टपरीवर यायची आणि भाऊजी वाकड्या तारेनं कुठलंही कुलूप अर्ध्या मिनिटात उघडायचे. वीस वर्षं दारूही तितक्याच सफाईनं प्यायले.

एकदा स्वतःहूनच माझ्या नवऱ्याला म्हणाले, "दादा, आजपासून सोडली."

मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरी दारू एकदम बंद करू नका, मेंदूला इजा होईल. भरती करा. व्हिटॅमिन बी-वनची इंजेक्शनं आधी द्यायला हवीत."

आमचे हे भडकले. "दारुड्याला टॉनिक? चार दिवस कोंडला की येईल ताळ्यावर!" त्यांनी भाऊजींना मागच्या खोलीत घातलं आणि भाऊजींनीच बनवलेलं, आतून-बाहेरून किल्ली लागणारं कुलूप दाराला लावलं. मी मोठी शहाणी, किल्ली मीच काढून दिली.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना भिंतभर मुंग्या दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी फिट आली. "नाटकं आहेत," हे म्हणाले. पाचव्या दिवशी दार उघडलं तेव्हा भाऊजींचे डोळे भिरभिरत होते, पाय धड टेकत नव्हते. पँट धुवायला घेतली तर खिशात ती तार निघाली. मनात आणलं असतं तर केव्हाच बाहेर आले असते.

आता थेंबाला शिवत नाहीत. हे चारचौघांत मिशीला पीळ देतात. भाऊजींना मात्र दहा मिनिटांपूर्वी जेवलेलं आठवत नाही. रोज सकाळी उठून ह्यांच्यासमोर उभे राहतात.

"दादा, आजपासून सोडली. कोंड मला."