नवसाचा नारळ
हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. ओल्या खोबऱ्याचा वास आला की कोकणातली ती खाडी आठवते. आम्ही कराडकडचे मित्र किनाऱ्यानं कित्येक दिवस चालत आलो होतो आणि खाडीपलीकडे वाट संपणार होती. आईच्या नवसाचा नारळ तिथं स्वतःच्या हातानं समुद्रात सोडायचा, म्हणून आमच्यातला माणदेशी गडी आला होता. नारळ माझ्या पिशवीत होता आणि गडी पायाला फोड येऊन मागं पडलेला. "थांबा रं, आलोच!" तो लांबून ओरडला. आम्ही होडीत बसलो होतो, नावाडी थांबायला तयार होता. "चला वो, त्या मेंढराची कुठवर वाट बघायची?" मी म्हणालो, तसे सगळे हसले. पलीकडं आम्ही तो नारळ फोडून खाल्ला. पुलावरून वळसा घालून तो संध्याकाळी लंगडत आला. मी म्हणालो, "होडी थांबली न्हाई गड्या, पण नारळ तुझ्या नावानं सोडला." त्यानं माझे हात धरले. "लय उपकार झालं. आई आता सुखानं डोळं मिटंल." तिनं ते मिटलेही. त्याला खरं सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.