चिठ्ठीवरचं तोरणमाळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला न सांगता माझ्या पोटात काही राहत नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते विचारू नका.

आधी एक खरं बोलून टाकतो. मी सुखी माणूस आहे. नंदुरबारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आयुष्य गेलं, मुलं मार्गी लागली, अंगणातला पेरू यंदा शेजाऱ्यांना वाटूनही सरेना. आता जे सांगणार आहे त्याने माझी झोप उडाली, अन्न गोड लागेना, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी पोटभर जेवलो, छान झोपलो — वर्षानुवर्षं. हेही त्या चुकीतच धरा.

आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद कायम चालायचा. पुरावा कशाला म्हणायचं? इतिहासाचे दगाजी सर म्हणत, एकमेकांना न ओळखणारे दोन कागद एकच गोष्ट सांगू लागले की तो पुरावा. अर्थशास्त्राच्या बाईंचं म्हणणं, दोनाने काय होणार? त्यांना दोनशे घरं हवीत, आणि तीही आपल्या सोयीने निवडलेली नकोत. मी मात्र ऐटीत सांगायचो, माझ्याकडे कपाट आहे. उघडा आणि बघा! दगाजी सर चिडले की अहिराणीवर यायचे — "तुन्हा झाडले बोलाले तोंड शे का?" मी म्हणायचो, "तुन्हा कागदले तरी कोठे शे?" मग सगळे हसायचे आणि चहा यायचा.

ते कपाट म्हणजे आमचं हर्बेरियम. झाड मुळासकट आणायचं, वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचं, जाड कागदावर शिवायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची — नाव, ठिकाण, उंची, तारीख, आणणाऱ्याचं नाव. त्यात हळदीच्या कुळातला एक रानकंद होता, फुलासकट, मी तरुणपणी आणलेला. चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं — तोरणमाळ, पठाराच्या कडेला, खडकांत. पुढे उंची. हा कंद त्या भागात आणखी कोणी नोंदवलेला नव्हता. माझ्या प्रबंधात तो मानाने बसला. पुढे कोणी सातपुड्याच्या वनस्पतींवर लिहायला घेतलं, की आधी माझी ती नोंद उतरवून घ्यायचं. मला बरं वाटायचं. का वाटू नये?

मग रमिला आली. धडगावकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची मुलगी, माझ्याकडे पीएच.डी.ला. घरी पावरी बोलायची, आमच्याशी पुस्तकातलं शुद्ध मराठी — इतकं शुद्ध की आम्हीच जरा सावरून बसायचो. तिने याच कंदावर काम घेतलं. दोन पावसाळे ती तोरणमाळचं पठार पायी पिंजून काढत होती. चिठ्ठीवरची जागा शोधत होती. तिला तिथे एकही रोप मिळालं नाही. आपल्या पाड्याखालच्या नाल्यात मात्र हवी तितकी मिळाली.

एके दिवशी ती प्रकरण घेऊन माझ्यासमोर बसली. त्यात एक परिच्छेद होता. रमिलाची आजी जन्मभर कंद खोदत आली होती. तिचं म्हणणं — हा कंद ओलाव्याच्या नाल्याबाहेर जगत नाही, पठारावरच्या खडकांत तो तिच्या आईच्या वेळीही नव्हता. खाली रमिलाने जपून लिहिलं होतं, की जुनी नोंद पुन्हा तपासायला हवी. म्हणजे माझी नोंद.

मी काय केलं? चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "आजी म्हणते, हा पुरावा नव्हे."

ती म्हणाली, "सर, पण आजीने पाहिलंय."

मी उठलो, कपाट उघडलं आणि तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चिठ्ठी वाचली, पट्टी घेतली आणि माझ्यादेखत तो परिच्छेद सरळ रेषेने खोडला. त्या जागी काय लिहायचं ते मी सांगितलं, शब्द न् शब्द. सदर वनस्पती स्थानिक लोकांनी केलेल्या बेसुमार खोदणीमुळे तोरणमाळ पठारावरून नाहीशी झाली असावी. तिने लिहून घेतलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. दिसल्या, तरी मी पुढचं पान उलटलं.

आता ते सांगतो — किती वेळ टाळणार?

मी तोरणमाळला गेलोच नव्हतो. निघालो होतो, हे खरं. तेव्हा आषाढ होता आणि घाटाच्या वळणांनी मला मळमळतं, आजही मळमळतं. घाटाच्या अलीकडेच, म्हसावदला उतरलो, तिथे आठवडी बाजार भरलेला. डोंगरातून आलेली एक बाई पानाफुलांसकट कंद मांडून बसली होती. मला हवा होता तो नमुना आयता समोर! मी घेतला. कुठून आणला, ते विचारलंही नाही. पावरी मला येत नव्हती, आणि विचारायचं काय? तिने मानेनेच उत्तरेकडे, डोंगराकडे दाखवलं. आम्हा सपाटीवरच्या लोकांना लहानपणापासून सगळा डोंगर म्हणजे तोरणमाळ. दुपारच्या एसटीने मी परत आलो. पठाराची कड आणि खडक मनचे घातले, उंची नकाशावरून घेतली. थाप मारायची तर नीटनेटकी मारावी, नाही का?

त्यामुळे रमिला समोर बसली होती तेव्हा मला काहीतरी आठवायला लागलं, मग शंका आली, असलं काही नव्हतं. तिचं वाक्य संपायच्या आत मला माहीत होतं की आजीचं बरोबर आहे. मी कबूल केलं असतं तर काय झालं असतं? दगाजी सरांनी महिनाभर चिडवलं असतं. बस्स. एवढ्यासाठी मी तिला गप्प केलं.

आणि माझ्या त्या कपाटाचं म्हणाल, तर वाळलेलं पान कोणीही तपासू शकतं. ते पान कुठलं, हे मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या शब्दावर घ्यावं लागतं. इतिहासाच्या कागदालाही कोणीतरी लिहिणारा असतो, दोनशे घरांनाही कोणीतरी विचारणारा. शेवटी प्रश्न एवढाच उरतो, की सांगणाऱ्याने पाहिलं होतं का. आजीने पाहिलं होतं. मी पाहिलं नव्हतं. पण तिचा शब्द पावरीत होता, अन् माझा जाड कागदावर शिवलेला.

रमिलाचं चांगलं झालं. प्रबंध झाला, आभाराच्या पानावर पहिलं नाव माझं. आता ती स्वतः कॉलेजात शिकवते. या हिवाळ्यात तिने मला व्याख्यानाला बोलावलं, गाडी पाठवली, शाल घातली. समोर वर्गभर डोंगरातली मुलं-मुली. माझी ओळख करून देताना ती कौतुकाने म्हणाली, "सरांनी मला शिकवलं, आजी म्हणते हा पुरावा नव्हे." मग त्या कंदाचं चित्र पडद्यावर आलं. ती मुलांना म्हणाली, "हा तोरणमाळला होता. आपल्याच लोकांनी खोदून संपवला." पहिल्या बाकावरच्या मुलीने मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. आजी तेव्हा वारलेली होती. मी शाल सावरून बसलो होतो.

त्या दिवशी मात्र घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं, बाहेर काही खाल्लंत का? मी हो म्हणालो.

आमच्या शास्त्रात जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. चूक सापडली की शेजारी दुसरी चिकटवतात, खाली सही करतात. आज सकाळी मी ती लिहिली. म्हसावदच्या बाजारात घेतला, ठिकाण विचारलं नाही, बाकी मनचं लिहिलं, रमिलाच्या आजीचं म्हणणं बरोबर. दुपारी कॉलेजात जाऊन ती लावीन, आणि तिचीच एक प्रत रमिलाच्या हातात देईन. ती वाचेल तेव्हा मी समोर असेन.

तोरणमाळच्या खडकांतून तो कंद कोणी खोदून नेला नाही. तो तिथे नव्हता. मीही नव्हतो.