हात कशात असतात?

साक्षात यम न्यायला आला, तरी आमच्या थोरल्या सिस्टर त्याला आधी स्टुलावर बसवतील आणि रेड्यावर दिवसातनं किती वेळ बसता, कंबर धरते का, हे विचारून मगच चप्पल घालतील. सोलापुरातल्या ज्या दवाखान्यात मी केसपेपर काढते, तिथं छातीच्या ओपीडीबाहेर, माझ्या खिडकीला लागूनच त्यांचं टेबल होतं. पेशंटला काय होतंय हे डॉक्टर विचारतील, पण तो पोटासाठी काय करतो हे कुणीतरी विचारायला नको का, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या कामानं कुठला खोकला येतो, हे लिहून ठेवल्याशिवाय कळणार कसं? प्रश्नही ठरलेला: "दिवसभर हात कशात असतात?" इथले विणकर बहुतेक तेलुगू बोलणारे, त्यांना तो तेलुगूत विचारत. भवानी पेठेतल्या एका लग्नात त्या आहेर द्यायला स्टेजवर गेल्या आणि नवरदेव यंत्रमागावर आहे कळताच, तोंडाला रुमाल बांधतोस का, म्हणून त्यालाच धरून बसल्या. मागं लाईन मांडवाबाहेर. बायका मात्र हटकून "काय न्हाय, घरीच असते" म्हणायच्या. तेव्हा सिस्टर पेनाला टोपण लावत. "'काय न्हाय' करून कुणाला दम लागलेला मी अजून बघितला नाही," एवढं म्हणून वाट बघत बसत. इकडं लाईन तुंबायची आणि लोक मला बोलायचे.

एके दिवशी त्या लाईनीत कुंभारीहून माझी आई आली. खोकल्याची औषधं घेऊन थकलेली. हंडा उचलून चार पावलं टाकली की खाली बसायची. सिस्टरनी विचारलं. आईनं माझ्या खुर्चीकडं, गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाय, घरीच असते की." टोपण लागलं. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, आणि ती कशावर झाले हे मी कधी लपवलेलं नाही. खिडकीतनंच मोठ्यानं म्हणाले, "आई विड्या वळते. माझं बी.ए. त्यातच झालं."

सिस्टरनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तू तुझे केसपेपर बघ. हात त्यांचे आहेत, त्या सांगतील."

आईनं पदर सावरला. मग मान वर करून म्हणाली, "विड्या वळते. तंबाखूचं सूप मांडीवर घिऊन. लेकीला हितं कमीपणा नको म्हणून बोलले न्हाय."

बाकावर बसलेली, मघाशी 'घरीच' म्हणून गेलेली एक बाई उठून आली. "सिस्टर, माझंबी तसंच लिवा की."

त्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यांदाच आईला ती कुठं बसते, खोलीला खिडकी आहे का, असं विचारलं. औषध बदललं. विड्या सुटल्या नाहीत, सुटणारही नाहीत; पण सूप आता ओसरीवर आलंय आणि तोंडावर पदर.

सिस्टर रिटायर होऊन अक्कलकोटकडं गावी गेल्या. त्यांचा प्रश्न आता मीच खिडकीतनं विचारते. परवा आई म्हणाली, तुझ्या सिस्टरला फोन लाव, काय करत्यात विचार. लावला. पलीकडं भांड्यांचा आवाज होता, आणि आतनं कुणीतरी म्हातारं माणूस कूस बदलून दे म्हणून हाका मारत होतं. सिस्टर आलेच आलेच म्हणत होत्या. मग मला म्हणाल्या, "मी आता काय गं, काही नाही. घरीच असते."

मी फोन कानाला धरून वाट बघत बसले.